टॅम्प्लीजराव

नाव पाचवी-सहावीतच पडलं. विष-अमृत खेळताना राज्य असलेला गडी पाठीवर थाप मारणार, एवढ्यात हा मूठ तोंडापाशी नेऊन "टॅम्प्लीज!" ओरडायचा आणि बुटाची नाडी बांधायला बसायचा. पायात स्लिपर असायची.

असा एक गडी गल्लोगल्ली असतो. त्याला पळता येत नाही, पकडता येत नाही. पण कोण कधी बाद, कोण कधी जिवंत आणि दमल्यावर किती वेळ बसायची मुभा, हे तोंडपाठ. आपल्याकडे पूर्वी हुतूतूच्या तीन तऱ्हा होत्या. गामिनीत बाद झालेल्यानं अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. संजीवनीत समोरचा एक पडला की आपला एक उठायचा. आजची कबड्डी याच वळणाची. आणि अमरमध्ये बाद झालेला गडीसुद्धा मैदानातच, समोरच्याला नुसता गुण द्यायचा. टॅम्प्लीजराव जन्मजात अमरपंथी. पोरांनी मैदानात गामिनी ठरवली की याचं पोट दुखायचं.

आता तो जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळयांच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि शनिवारी रात्री आमच्या गच्चीवर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला येतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली काढलेला हा खेळ. एकानं गोष्ट सांगायची (त्याला आम्ही मास्तर म्हणतो), बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. तलवार लागली की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. जिवाचे गुण असतात, मार बसला की ते कमी होतात. बाकी सगळे राक्षस, खजिना, मंत्र यांत गुंगले. टॅम्प्लीजरावांनी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं ते थेट विश्रांतीच्या पानावर.

२०१४ च्या आवृत्तीत त्याला स्वर्गच सापडला. तासभर टेकलात तर थोडे गुण परत. आठ तासांची लांब विश्रांती घेतलीत की गेलेले सगळे गुण परत! रात्री पोटात भाला, सकाळी ठणठणीत. १९७९ च्या जुन्या पुस्तकात दिवसभर पडून राहिलं तरी जेमतेम १ गुण मिळायचा, हे कळल्यावर तो कितीतरी वेळ गप्प होता. त्या काळातल्या योद्ध्यांबद्दल त्याला मनापासून वाईट वाटलं असावं.

त्याचं पात्र म्हणजे चिलखत घातलेला, गदाधारी, आडदांड वीर. गुण ३८. गुहेच्या तोंडाशी एक उंदीर चावतो, ३४ होतात.

"लांब विश्रांती घेऊ."

"अरे, आत्ताच तर झोपून उठलास," मास्तर वैतागतो. "चोवीस तासांत एकदाच मिळते."

"मग चोवीस तास बसू. कामून घाई करू ऱ्हायला? बैलालासुद्धा पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. आपण तर माणसं."

गुहेत कोंडलेली राजकन्या तोवर काय करत असेल, हा प्रश्न त्याला पडत नाही. तिचीही विश्रांती होत असेल, असं त्याचं म्हणणं.

औषधांचंही तेच. खेळात संजीवक रसाची कुपी असते. चार बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरजेत २ मिळवायचे, तेवढे गुण परत. टॅम्प्लीजरावांनी हट्टानं त्या रसाला मोसंबीचा रस म्हणायला लावलं. मानांकनवाली जालन्याची मोसंबी असताना परक्या झाडपाल्याचं कौतुक कशाला? एका लढाईत हा खरोखरच शून्यावर आला. तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा असतो: १० किंवा जास्त पडले तर एक पाऊल जगण्याकडे, कमी पडले तर मरणाकडे, ज्या बाजूची तीन आधी भरतील तिकडे मामला जातो. आम्ही श्वास रोखलेला. हा मात्र सतरंजीवर खरोखर आडवा झाला, डोळे मिटले आणि क्षीण आवाजात म्हणाला, "भेटायला येणाऱ्यांनी मोसंबी आणावी." दोघं जण लढाई सोडून कुप्या घेऊन धावले. राक्षस निसटला. मी आजही म्हणतो, त्या रात्री त्याच्याइतकं जिवंत गच्चीवर कोणी नव्हतं.

परवाची गोष्ट. रात्री दोन वाजता ड्रॅगनच्या दारात सगळी फौज झोपवून टॅम्प्लीजराव पहारे वाटत होते, तेवढ्यात खालून वहिनींची हाक आली, "अहो, नळ आला!" आमच्याकडे नळ रोज येत नाही आणि आला तर वेळ विचारून येत नाही. ज्या माणसाला उंदीर चावला तरी आठ तास लागतात, तो तीन-तीन पायऱ्या गाळत खाली उतरला. टाकी, दोन पिंपं, हंडे, कळशी, शेवटी पिंपावरचा तांब्यासुद्धा भरून शर्ट पिळत वर आला.

मास्तर टपलेलाच होता. "विश्रांती मोडली. पुन्हा पहिल्यापासून आठ तास."

टॅम्प्लीजरावांनी ओल्या बोटानं पान उलटलं. "चालणं, लढणं, मंत्र म्हणणं... एक तास झाला तरच मोडते. मला पंचेचाळीस मिनिटं लागली." मग जरा थांबून जिन्याकडे पाहत म्हणाला, "फक्त मोटर बंद करायची राहिली. ती कोणीतरी जाऊन करा बुवा, माझी पंधराच मिनिटं उरलीत."