उणे शेठ, अधिक मी

धरणगावच्या ज्या जिनिंगमध्ये मी कारकुनी करतो, तिथल्या शेठचं बँकेत ओडी खातं आहे. कपाशीचा हंगाम भरात आला की ते उणे चाळीस लाखांवर जातं. तेव्हा मॅनेजर शेठना केबिनमध्ये बसवून चहा पाजतो. माझं बचत खातं अधिक एकशे बारा रुपयांवर आलं, तर मला एसएमएस येतो. शेठचं ते उणे, तरी त्यांना बिस्किट. माझं अधिक, तरी मला दंड. एवढी वर्षं हिशोब लिहून हे चिन्हांचं गणित काही मला सुटलेलं नाही.

दंड कशाचा, तर सरासरी शिल्लक दोन हजारांच्या खाली गेल्याचा. बँकेच्या लेखी आमचं गाव निमशहरी. हे मात्र खरं. बसस्टँडवर उतरलं की शहर, आणि थोडं चाललं की कपाशी. पण दंड कापताना बँक त्यातल्या निम्म्या शेताची सूट देत नाही.

आईला समजावायला गेलो, तर ती म्हणाली, "तुन्हा पैसा, मंग दंड कसाले?"

म्हटलं, "माय, ते बियाण्यासारखं समज. कणगीत ठेवायचं, खायचं नाही."

"बी खावाले नही ऱ्हास रे भाऊ, पेराले ऱ्हास. हाई कधी पेरशी?"

इथे माझी उपमा संपली.

गेल्या जूनची गोष्ट. मोटारसायकलचा हप्ता 5 तारखेला, पगार 7 तारखेला. हप्ता 2,340 चा आणि खात्यात 2,352. बारा रुपयांच्या श्रीमंतीत मी निर्धास्त झोपलो. विसरलो एवढंच, की मे संपता संपता सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे 20 रुपये आपोआप कापले जातात. दोन लाखांचा अपघात विमा! त्या विम्यानेच माझा अपघात केला. आठ रुपये कमी पडले आणि हप्ता परत गेला. बँकेने 250 घेतले, वर 18 टक्के जीएसटीचे 45. फायनान्स कंपनीने आपला दंड वेगळा लावला. मृदंग कसा, दोन्ही बाजूंनी वाजतो.

मग मी डोकं चालवलं. अट सरासरीची आहे, म्हणजे दोन हजार तीस दिवस ठेवले काय आणि साठ हजार एकच दिवस ठेवले काय, बेरीज तीच. साडूला गळ घातली. त्याने संध्याकाळी साठ हजार पाठवले, सकाळी परत घ्यायच्या बोलीवर. रात्रभर पैसे माझ्या खात्यात पाहुणे आणि साडू माझ्या घरी. बाराला त्याने विचारलं, "आहेत ना?" दोनला पुन्हा तेच. सरासरी साधली, पण त्याच्या शेवभाजीचा, कळण्याच्या भाकरीचा आणि सकाळच्या जिलेबीचा खर्च दंडाच्या वर गेला.

आमच्या गावाला वसुलीचा इतिहास जुना. इथे इंग्रज कंपनीची वखार होती, आणि 1675 साली मराठ्यांच्या फौजेने ती लुटली. साडेतीनशे वर्षांत एवढाच फरक पडला, की तेव्हा आपण कंपनीकडून वसूल करत होतो.

शेवटी नियम वाचायला बसलो. किमान शिल्लक मोडली म्हणून कापायचं, तर आधी कळवून महिनाभर मुदत द्यायची आणि त्या दंडापायी खातं शून्याच्या खाली ढकलायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2015 पासून बजावलेलं आहे. म्हणजे शून्य ही सर्वांत सुरक्षित जागा. तिथे कापायला काही उरतच नाही. स्टेट बँकेने तर मार्च 2020 मध्ये बचत खात्यांवरची ही अटच काढून टाकली. माझं खातं अर्थातच दुसरीकडे.

आता मी दोन कामं केलीत. हप्त्याची तारीख पगारानंतर, 10 ला नेली. आणि बँकेत अर्ज देऊन साधं, किमान शिल्लक न लागणारं खातं करून घेतलं. त्यातून महिन्यात चारदाच पैसे फुकट काढता येतात. पाचव्यांदा काढायला माझ्याकडे असतात कुठे?

आनंदाने आईला सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "म्हंजे काहीच नसनं तरी चालस?"

"चालतं."

"मंग आपलं घर बी तसलंच खातं शे ना, भाऊ."