परराज्य कात्रजला सुरू होतं

भोर-वेल्ह्यात जुलैमध्ये दोन लावण्या एकाच वेळी अंगावर येतात. एक भाताची, दुसरी कॉलेजांच्या यादीची. पहिली खाचरात उभं राहून, कमरेत वाकून करायची. दुसरी सेतू केंद्राच्या खिडकीत, तीही कमरेत वाकूनच. बाप गुडघाभर चिखलात, मोबाइल बांधावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ओटीपी त्या मोबाइलवर. पोरगं केंद्रातून ओरडतं, "आबा, सहा आकडे सांगा!" आबा हात धुऊन, चष्मा शोधून आकडे सांगेपर्यंत ओटीपीचं आयुष्य संपलेलं असतं. मग पाऊस वाढतो, वीज जाते, आणि वीज येते तेव्हा सर्व्हर जातो.

अशा वातावरणात पडवीत बसून एक गहन चर्चा चालते: पोराला राज्यात शिकवायचं का परराज्यात धाडायचं? चर्चेचा थाट असा, की दोन्हीकडची प्रवेशपत्रं देवळीत येऊन पडलीत आणि आता फक्त कौल लावायचा बाकी आहे.

वास्तविक परराज्य कशाला म्हणतात हे भोरकरांना बाहेरच्या कुणी शिकवायला नको. ८ मार्च १९४८ पर्यंत आमचं स्वतःचंच राज्य होतं. पंतसचिवांचं संस्थान, नऊ तोफांची सलामी, आणि विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड, पवन मावळ असे पाच तालुके. त्या काळी पोरगं फर्ग्युसनला घातलं की ते रीतसर परमुलखात, इंग्रजांच्या हद्दीत, शिकायला जायचं. मग संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं, आणि पुणं आमचं झालं. कागदोपत्री. बाकी व्यवहारात हद्द जिथं होती तिथंच आहे. एसटी कात्रजचा बोगदा ओलांडते तेव्हा खिडकीशी बसलेलं पोर आजही परराज्यात पाऊल टाकल्यासारखं पिशवी छातीशी धरतं.

तर राज्यातली जागा मिळवायची असेल, तर आधी आपण राज्यातले आहोत हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र' नावाचा दाखला आहे. १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा द्यायचा. आमच्या ओळखीचे एक आप्पा आहेत, वेल्ह्याच्या अंगाचे. राजगडाचा पायथा त्यांच्या घरापासून ओरडलं तर ऐकू जाईल एवढ्यावर. आपले पूर्वज गडाच्या बांधकामावर दगड वाहत होते, असं त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. खिडकीपलीकडच्या बाईंना त्यांनी तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, "काका, ते राहू द्या. लाइटबिल आणलंय का?"

इंजिनिअरिंगला दहावी-बारावी इथली असेल आणि जन्मस्थळ महाराष्ट्रातलं असेल, तर या दाखल्यावाचूनही भागतं. पण दाखला काढून ठेवलेला बरा, हे तालुक्याचं शहाणपण. कारण कुठला कागद कधी मागतील याचा नेम नाही. त्यात सरकारनं वेल्हे तालुक्याचं नाव राजगड केलं. संस्थानातला राजगड तालुका नावानं का होईना परत आला, याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. फक्त शाळेच्या दाखल्यावर वेल्हे आणि नव्या कागदावर राजगड असं दिसल्यावर, ही स्थलांतराची भानगड नाही हे समोरच्याला पटवून देण्याचं काम त्या अभिमानातच धरलेलं आहे. विद्यार्थ्यांच्या प्रतिज्ञापत्रांना लागणारा ५०० रुपयांचा मुद्रांक २०२५ साली माफ झाला, हेही खरं. हेलपाटे माफ करण्याचा निर्णय अजून विचाराधीन असावा.

एवढं करून महाराष्ट्राचे झालात, म्हणजे पुण्याचे झालात असं समजू नका. इंजिनिअरिंगच्या ज्या कॉलेजांना विद्यापीठवार वाटणी लागू आहे, तिथं ७० टक्के जागा 'होम युनिव्हर्सिटी'च्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. घर कुठलं हे बारावी कुठून झाली यावर ठरतं. आता नीरा ओलांडली की शिरवळ. भोरहून निघालं तर तासही लागत नाही. पण शिरवळ सातारा जिल्ह्यात, आणि सातारा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. म्हणजे भोरच्या एखाद्या पोरानं जवळ पडतं म्हणून शिरवळला बारावी केली, तर पुण्यात तो पाहुणा. आणि गुजरातच्या वेशीवरच्या सुरगाण्यात बारावी झालेला पोरगा पुण्यात घरचा, कारण नाशिक जिल्हा पुणे विद्यापीठात. उलट बेळगावकडच्या ८६५ गावांतली पोरं कर्नाटकात राहूनही आमच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळ्या रकान्यात, पण आपली धरली जातात. तो दावा आहे, तो सोडता येत नाही. भोरवर कुणाचा दावा नाही, हीच आमची अडचण.

देशपातळीवर गेलं तर गंमत आणखी वाढते. एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी राखीव. महाराष्ट्राची एनआयटी नागपूरला, विश्वेश्वरय्यांच्या नावाची. भोरहून सातशेहून जास्त किलोमीटर. गोव्याची एनआयटी पाचशेच्या आत. म्हणजे आमच्या पोराला 'घर' सातशे किलोमीटरवर आणि 'परराज्य' त्याच्या बरंच अलीकडे.

या गोंधळात दिलासा द्यायला मार्गदर्शक येतात. महामार्गालगतच्या मंगल कार्यालयात मेळावा भरतो. पडद्यावर काचेच्या इमारती, हिरवळ, हिरवळीवर लॅपटॉप घेऊन हसणारी मुलं. जगात कुठंही हिरवळीवर बसून कुणी इंजिनिअर झाल्याचं ऐकिवात नाही, पण माहितीपत्रकात दुसरीकडे बसायची सोय नसते.

"आप्पा, मुलाला एक्सपोजर मिळालं पाहिजे," मार्गदर्शक म्हणाले.

"म्हंजी काय सर?"

"म्हणजे घरापासून लांब राहायचं. वेगळी माणसं, वेगळी भाषा."

"लांबच ऱ्हायचं तर केळदला त्याचं मामा हायेत की. तितं रेंजबी न्हाय."

मार्गदर्शक मोठ्यानं हसले आणि त्यांनी शुल्काचा तक्ता पुढे केला. त्यानंतर आप्पा हसले नाहीत.

पण परराज्याचा एक फायदा निर्विवाद आहे, तो म्हणजे फ्लेक्स. १८५४ पासून चालत आलेल्या सीओईपीला, लाखांत वरचा नंबर आणून, एखादी पोरगी लागली तर तिचा फ्लेक्स गावच्या पारापुरता. कारण सीओईपी काय, पुण्यातच. पण वेल्लोर, मणिपाल, जयपूर किंवा पंजाबात कुठं कुणी पैसे भरून आला, की फ्लेक्स थेट चेलाडी फाट्यावर, खाली पन्नास शुभेच्छुक आणि वरच्या कोपऱ्यात तिन्ही पक्षांचे नेते. अंतर जितकं जास्त, तितका फोटो मोठा. गुण विचारायची पद्धत नाही.

पैसे कुठून येतात, हेही विचारायची पद्धत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं. पुण्याच्या माणसाला शनिवार-रविवारसाठी डोंगरउतारावर घर हवं असतं. समोर पाणी, मागे किल्ला. आप्पा रस्त्याकडेचे गुंठे देतात. त्या पैशात पोरगं परराज्यात जातं. व्यवहार पुरा झाल्यावर पुणेकराचं नाव वेल्ह्याच्या सातबाऱ्यावर लागतं आणि वेल्ह्याच्या पोराचं नाव तमिळनाडूतल्या हॉस्टेलच्या वहीत. एकाच सहीत दोघांचाही अधिवास बदलून देण्याची ही सोय कुठल्याच सेतू केंद्रात नाही.

ज्यांना डॉक्टर व्हायचंय त्यांची तर आणखी वेगळी तऱ्हा. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के अखिल भारतीय. पण राज्याच्या जागेसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातली लागते. मग ऐपतीची मंडळी काय करतात? पोराचं नाव इथल्या कॉलेजात आणि पोरगं राजस्थानात, कोट्याला. हजेरी महाराष्ट्रात लागते, अभ्यास राजस्थानात होतो आणि परीक्षेला पोरगं विमानानं येतं. परराज्याची शिकवणी आणि स्वराज्याची जागा, दोन्ही एकाच वेळी. निवड करायची पाळी फक्त ज्याला दोन्ही परवडत नाही त्याच्यावर येते.

२९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय पदव्युत्तर जागांमधलं अधिवासाचं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. अधिवास हा देशाचा असतो, राज्याराज्याचा वेगळा नसतो, असं निकालात आहे. बारावीनंतरच्या जागांना त्याचा धक्का नाही. पण आप्पांनी बातमी अर्धीच ऐकली आणि विचारलं, "मग दाखल्याचं पैसं माघारी मिळत्यात का?"

आता खर्चाचं खरं गणित. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. चांगला निर्णय, थट्टेत काढण्यासारखा मुळीच नाही. प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, हवा. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना तो लागू नाही, आणि राज्याच्या सीमेवर तो अर्थातच थांबतो. म्हणजे पोरीसाठी राज्यात शिकणं सरळ फायद्याचं. फक्त शुल्क माफ झालं, पुणं माफ झालं नाही. खोलीचं डिपॉझिट, मेस, पास, आणि कॉट बेसिसवर चार पोरींत एक पंखा, यांना कुठल्याच पोर्टलवर अर्ज करता येत नाही. वसतिगृहाची यादी प्रवेशानंतर लागते आणि खोलीवाला डिपॉझिट आधी मागतो.

पीएमआरडीएच्या नकाशात भोर-वेल्ह्याचा काही भाग पुण्याच्या महानगरात मोडतो, ही त्यातल्या त्यात सन्मानाची गोष्ट. महानगरातून महानगरातच जायला पहाटे उठून चेलाडीपर्यंत जीप, तिथून एसटी, स्वारगेटहून सिटी बस, एवढाच प्रवास आहे.

कुणी म्हणेल, पुण्याला आमच्या तालुक्यातलं काहीच घेता येत नाही, असं थोडंच आहे? तसं नाहीच. पानशेतचं आणि वरसगावचं पाणी रोज पुण्याला जातं. त्याला डोमिसाइल लागत नाही, होम युनिव्हर्सिटी लागत नाही, डिपॉझिट लागत नाही. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणपर्यंत पोचतं. धरणाखाली ज्यांची जमीन गेली, त्यांच्या नातवंडांना त्याच वाटेनं जाता आलं असतं, तर शिष्यवृत्तीची गरजच उरली नसती.

म्हणून आमची सूचना अशी. भोर संस्थान नुसत्या प्रवेशप्रक्रियेपुरतं पुन्हा स्थापन करावं. पुणं रीतसर परराज्य जाहीर करावं. कात्रजच्या बोगद्याशी तशी पाटी लावावी. परराज्यात शिकणाऱ्या पोरांना जी सहानुभूती मिळते ती आमच्या पोरांना मिळेल, स्वारगेटला पोचलं तरी फ्लेक्स लागेल, आणि पाण्याचा विषय दोन राज्यांमधला तंटा म्हणून लवादाकडे नेता येईल.

शेवटी आप्पांच्या घरी काय ठरलं, ते सांगायला हवं. त्यांच्या खटल्यात यंदा दोघं बारावी झाले. एक आप्पांचा पोरगा आणि एक धाकट्या भावाची मुलगी. पोराला सीईटीला बेताचे पर्सेंटाइल. त्याच्यासाठी गुंठे गेले आणि तो परराज्यात गेला. पुतणीला त्याच्याहून कितीतरी जास्त. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात लागेल एवढे. शुल्कही माफ. पण पोरीची जात, खोलीवर एकटी ठेवायची कशी, आणि म्हशीचं बघणार कोण, यावर पडवीत मोठ्या माणसांची एक बैठक झाली. पोरीला त्या वेळी चहा करायला आत पाठवलं होतं.

बैठकीत धांगवडीचं कॉलेज ठरलं. कॉलेज चांगलं आहे, महामार्गाला लागून आहे, संध्याकाळी घरी येता येतं. तिच्या यादीतली पुण्याची नावं खाली सरकवली आणि हे पहिलं लिहिलं. २०२५ पासूनचा नियम असा, की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश आपोआप पक्का. पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. त्याला ऑटो फ्रीझ म्हणतात. पोरीचंही तसंच झालं.

सीईटी कक्षाच्या आकडेवारीत आता तिची नोंद होईल: पहिल्याच फेरीत, पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालेली विद्यार्थिनी. पत्रकार परिषदेत हाच आकडा मोठ्यानं वाचून दाखवतात.