गळ्यात साखळी, कोटावर पिन

रोटरी आणि लायन्स या दोन्ही सेवासंस्था जन्माने शिकागोच्या. पहिली १९०५ची, दुसरी १९१७ची. दोघींचे वर्ष १ जुलैला सुरू होते, ते भोपाळच्या क्लबांना सोयीचेच. नवे अध्यक्ष आणि पाऊस एकदमच येतात, त्यामुळे पदग्रहणानंतर लगेच वृक्षारोपण उरकता येते. एका रोपाला सात-आठ जणांचे हात लागतात. फोटो झाला की पुढची जबाबदारी मोकाट गायींची.

निधी उभा राहतो तो तंबोल्यातून, आनंदमेळ्यातून आणि मुख्य म्हणजे स्मरणिकेतून. तिच्यात जाहिराती सदस्यांच्याच दुकानांच्या आणि शुभेच्छाही सदस्यांनाच. मजकूर लागतो तो दोन जाहिराती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. रोटरी फाउंडेशनला १००० डॉलर दिले की ‘पॉल हॅरिस फेलो’ हा मान मिळतो, सोबत पिनही. गुप्तदानाचे पुण्य मोठे खरे, पण ते कोटावर लावता येत नाही. अर्थात रोटरीच्या अशाच देणग्यांतून १९८५पासून पोलिओविरोधी मोहिमेला पैसा गेला आणि मार्च २०१४मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. तिथे थट्टा थांबते.

जूनअखेर मावळते अध्यक्ष गळ्यातली साखळी, शिल्लक निधी आणि न खपलेल्या कूपनांचा गठ्ठा पुढच्यांच्या हवाली करतात.