घर पाहावं उकरून

पिट्सबर्ग,
मार्चअखेर

ती. अप्पा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार,

व्हॉट्सअ‍ॅपवर घराचे फोटो पाठवले की अप्पा प्रत्येकाखाली 'खर्च किती?' एवढंच लिहितात आणि आई हात जोडलेली चित्रं पाठवते. यात कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून सविस्तर पत्र लिहायला बसले आहे. मे महिन्यात तुम्ही येणार, तेव्हा दारातच धक्का बसू नये, हाही एक हेतू.

अप्पा, फोनवर तुमचा पहिला प्रश्न होता, 'भिंत किती इंची आहे?' उभा जन्म बांधकाम खात्यात काढलेल्या आणि पाहुण्यांकडे गेल्यावरही आधी भिंतीवर टकटक करून मगच चहाचा कप हातात घेणाऱ्या माणसाला यावर काय सांगावं, मला सुचेना. बाहेरून वीट आहे. आत मात्र लाकडाचा सांगाडा, त्यावर बोटभर रुंदीच्या लाकडी पट्ट्या ठोकलेल्या आणि पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. टकटक केलीत तर आतून कुणीतरी 'कोण आहे?' विचारेल, इतकी पोकळ. घर १९१२ सालचं. तेव्हा कोल्हापुरात शाहू महाराजांचं राज्य होतं. टायटॅनिकही त्याच वर्षी बुडालं. जहाज आणि घर, दोहोंपैकी पाणी कशात जास्त शिरलं, हे तळघर पाहून तुम्हीच ठरवा.

गिलाव्याची मात्र तुम्हाला मौज वाटेल. वरच्या खोलीतला फुगलेला गिलावा पाडताना चुन्यात राखाडी केस दिसले आणि माझ्या अंगावर काटा आला. मग कळलं, गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून त्या काळी इथे चुन्यात जनावरांचे केस कालवत. आपल्या वाड्यांच्या चुन्यात ताग घालायचे, गूळ नि बेलफळाचं पाणी घालून तो घाण्यात मळायचे, असं तुम्ही सांगायचात, त्यातलाच प्रकार. मी हे तुमच्या जावयांना मोठ्या कौतुकाने ऐकवलं, तर म्हणाले, 'गूळ नसूनही आपल्याकडे मुंग्या आहेतच.' खरं आहे. ओलसर लाकूड पोखरणाऱ्या काळ्या, मोठ्या मुंग्या. त्यांचा बंदोबस्त झालाय, असं बंदोबस्त करणारा म्हणतो.

'असलं घर घेतलंतच कशाला?' हा आईचा प्रश्न. एक तर नवी घरं शहराबाहेर लांब, आणि ऐपतीत बसणारी जी होती ती सगळी अशीच होती. शिवाय जिना. ओकचा भक्कम कठडा, कातीव खांब, वळणावर रंगीत काचांची खिडकी. जावयांनी त्या कठड्यावरून हात फिरवला आणि मला कळून चुकलं की आता घासाघीस संपली. एजंटबाईंनाही त्याच क्षणी कळलं.

व्यवहाराआधी इथे घर तपासायला एक माणूस येतो. बॅटरी घेऊन तो माळ्यापासून तळघरापर्यंत सरपटला आणि प्रत्येक दोषाचा रंगीत फोटो, त्यावर लाल बाण, असा जाडजूड अहवाल त्याने दिला. मुलाच्या पत्रिकेत इतके दोष निघाले असते तर आईने स्थळ उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. मग सह्या. १९७८ च्या आधीचं घर असेल तर रंगात शिसं असू शकतं, हे कायद्याने लेखी कळवावं लागतं. सोबत पुस्तिका देतात आणि पुस्तिका मिळाल्याची सही घेतात. मग रेडॉन. हा जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा वायू, ना रंग ना वास, तळघरात साठतो आणि पेनसिल्व्हेनियात जरा जास्तच. हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरी झाला की उपाय करा म्हणतात. आमचा वर गेला, म्हणून तळघराच्या फरशीखालून एक नळी काढून छपराच्या वर नेलीय आणि तिला पंखा बसवलाय. तो रात्रंदिवस चालू असतो. 'कुणीतरी पंखा बंद करायला विसरलंय' म्हणून अप्पांनी कृपया त्याचं बटण शोधत हिंडू नये.

शिवाय खाण. या टेकड्यांच्या पोटातला कोळसा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उकरून काढलाय. वरची जमीन खचली तर नेहमीच्या घरविम्यातून दमडी मिळत नाही, म्हणून राज्य सरकारच त्याचा वेगळा विमा देतं. आपल्याकडे पाया खणताना नारळ फोडतात, इथे हप्ता भरतात. आम्ही दोन्ही केलं.

आता तळघर. आई, मन घट्ट कर. तळघराच्या मधोमध एक कमोड आहे. भिंत नाही, दार नाही, पडदा नाही. एका अंगाला वॉशिंग मशीन, दुसऱ्या अंगाला बॉयलर, आणि मध्ये हे महाराज विराजमान. इथल्या जुन्या घरांत हा प्रकार सर्रास असतो आणि लोक त्याला शहराचं नाव देऊन वर अभिमानाने दाखवतात. कुणी सांगतं, पोलाद कारखान्यातून काजळीने माखून आलेला कामगार मागच्या दाराने थेट तळघरात उतरायचा, धुऊनपुसून मगच वर जायचा, त्याच्यासाठी ही सोय. कुणी सांगतं, गटार तुंबलं तर घाण वरच्या न्हाणीघरात न येता तळघरातच उसळावी म्हणून ही योजना. पहिलं कारण पाहुण्यांना सांगायला बरं. दुसरं आमच्या अनुभवाचं.

कारण घरापासून रस्त्यातल्या मुख्य गटारापर्यंतची नळी घरमालकाची. ती भाजक्या मातीची, तुकडे जोडून केलेली, आणि दारातल्या मेपलने प्रत्येक सांध्यातून मुळं आत घातलेली. नळीत कॅमेरा सोडणाऱ्या माणसाने पडद्यावर सगळं दाखवलं आणि मान डोलावून म्हणाला, 'झाड मात्र अगदी ठणठणीत आहे.' अंगण खणलं, नवी नळी पडली. खर्चाचा आकडा अप्पांना समोरासमोर सांगेन. त्या वेळी आईने पाण्याचा तांब्या घेऊन जवळ बसावं.

शेजारी एक आजोबा राहतात. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, जन्म याच गल्लीतला. आमच्या घराचा सातबारा त्यांना तोंडपाठ आहे. भिंतीत, फरशीखाली काही चमत्कारिक सापडलं की मी कुंपणापलीकडे हाक मारते आणि ते चष्मा पुसत येतात. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली एक सांधा सुतळी नि डांबराने आवळलेला होता. आजोबांनी वाकून पाहिलं आणि करणाऱ्याचं नाव सांगितलं. रविवार होता, दुकानं बंद होती, घरात पाहुणे जेवायचे होते, म्हणून त्याने सध्यापुरतं बांधून ठेवलं. कधीची गोष्ट? तर आजोबा तेव्हा शाळेत होते. जेवणघराच्या छताला तिरपी फळी कुणी मारली, मागचं दार कुणाच्या भांडणात कायमचं खिळून टाकलं, सगळं त्यांना ठाऊक. हे घर आधीच्या मालकांनी 'सध्यापुरतं' म्हणून केलेल्या कामांवरच उभं आहे, आणि नीट, पैसे मोजून केलेली कामं कधीच मोडकळीला आली आहेत.

सगळ्यात कहर न्हाणीघरात झाला. तिथलं औषधांचं जुनं लोखंडी कपाट भिंतीतच बसवलेलं होतं. त्याच्या मागच्या पत्र्याला एक बारीक फट. दाढी झाली की वापरलेलं पातं त्या फटीतून आत टाकायचं, अशी त्या काळची पद्धत. आत म्हणजे कुठे? भिंतीच्या पोकळीत, आणखी कुठे! जावयांनी खालची पट्टी पहारीने उचकटली मात्र, खळखळ आवाज करत गंजक्या पात्यांची रास बाहेर घरंगळली. तांबूस, एकमेकांना चिकटलेली, कुठे कुठे अजून धार राखून असलेली. जावई टबात चढून उभे राहिले. मी जाड हातमोजे घालून पाती बादलीत भरली. आजोबांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, 'एवढ्या दाढ्या केल्या, पण चर्चला मात्र जुना मालक कधी वेळेवर आला नाही.'

वायरिंगही संग्रहालयात ठेवावं असं. चिनी मातीच्या पांढऱ्या गुट्ट्यांवर ताणलेल्या सुट्या तारा, आणि वाशाला भोक पाडलं असेल तिथे चिनी मातीचीच नळी. विमा कंपन्या असं वायरिंग ऐकलं की नाक मुरडतात. मिक्सर आणि टोस्टर एकदम लावले की फ्यूज उडायचा, त्यामुळे चटणी वाटायच्या आधी मी घरभर दवंडी पिटायचे. आता परवानाधारक माणसाकडून सगळं नवं करून घेतलंय. आई, पुरणाचा बेत करायला हरकत नाही.

बाकीची कामं तुमचे जावई करतात. होय, तेच. कोल्हापुरात कॅलेंडरचा खिळासुद्धा शेजारच्या पोराकडून ठोकून घेणारे. पण इथे सुतार, प्लंबर तासावर पैसे घेतात आणि तासाचा हिशेब ते त्यांच्या घरातून निघाल्यापासून धरतात. मग माणूस आपोआप हरहुन्नरी होतो. शनिवारी सकाळी लोक देवळात जातात, आम्ही होम डेपोच्या दुकानात. सुरुवातीला मापांनी फार छळलं. इथे सगळा कारभार इंचात, आणि जावयांची अख्खी हयात सेंटिमीटरमध्ये गेलेली. ३/८ मोठा की ५/१६, यावर ते पट्टी हातात धरून घामाघूम व्हायचे. शेवटी मी तुमचं सूत शिकवलं. आठ सुतांचा इंच. हे तीन सूत, ते अडीच सूत. झालं काम! आता ते होम डेपोतल्या माणसासमोरही 'तीन सूत' पुटपुटतात.

आणि अप्पा, हे ऐका. दुकानात दोन बाय चारची म्हणून जी लाकडी पट्टी विकतात, ती मोजली तर दीड बाय साडेतीन भरते. फसवणूक नव्हे, तो रीतसर ठरलेला आकार आहे. आमच्या १९१२ च्या भिंतीतली दोन बाय चार मात्र खरोखरच दोन बाय चार. त्यामुळे जुनीच्या शेजारी नवी उभी केली की चार सुतांचा फरक पडतो आणि तो भरत बसावं लागतं. तुमच्या खात्यात मोजमाप वहीत कुणी असं लिहिलं असतं तर चौकशी लागली असती.

थंडीत घर तापवायला वाफेचे रेडिएटर आहेत. एकाच नळीतून वाफ वर येते आणि तिचं पाणी त्याच नळीने परत जातं, म्हणून रेडिएटर नळीच्या बाजूला किंचित उतरता लागतो. आमचा दिवाणखान्यातला उलट कलला होता. पहाटे वाफ सुटली की आतलं तुंबलेलं पाणी असे काही दणके द्यायचं की आमची धाकटी लेक 'खाली चोर आलाय' म्हणून उठून बसायची. मग पाणसळ लावून बघितलं आणि पायांखाली नाणी सरकवली. इथली नाणी पातळ पडली. माझ्या पर्समध्ये आपली जुनी, जाड पाच रुपयांची नाणी होती, ती नेमकी बसली. रुपया घसरला म्हणून पेपरात रोज रडगाणं असतं, आमच्याकडे रुपयाने अख्खा रेडिएटर उचलून धरलाय.

आई, घराचं तोंड दक्षिणेला आहे. लगेच कपाळाला हात लावू नकोस. वास्तुशांत यथासांग झाली, गुरुजी पेन हिल्सच्या वेंकटेश्वराच्या देवळातून आले होते. शिवाय दक्षिणेचं ऊन दिवसभर पायऱ्यांवर पडतं, त्यामुळे बर्फ आमच्याकडे आधी वितळतो. समोरच्या उत्तराभिमुख घरवाल्यांच्या पायऱ्यांवर तो कितीतरी दिवस तसाच असतो आणि ते आमच्याकडे असूयेने बघत मीठ पसरतात.

चालायला मात्र गुडघे तयार ठेवा. आमचा बीचव्ह्यू भाग म्हणजे नुसता चढउतार. जवळच कँटन अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, त्याचा चढ ३७ टक्के. अप्पांना तो नक्की दाखवीन, मंजूर कुणी केला हे मात्र मला विचारू नका. आणखी एक. घरासमोर रस्त्यात मोडकी खुर्ची दिसली तर आईने ती 'कुणाची तरी राहिली वाटतं' म्हणून उचलून आणू नये. गाडी लावायची जागा राखायला लोक ती ठेवतात, आणि इथे तिचा मान फार मोठा.

तुमची खोली तयार आहे. खिडक्या वर सरकवायच्या आहेत. त्यांच्या चौकटीत दोरीला लोखंडी वजनं टांगलेली असतात, आणि दोरी तुटलेली असेल तर खिडकी धाडकन खाली येते. मी दोऱ्या बदलत आणल्यात. जिथे लाल फडकं बांधलंय तिथे आईने 'कोण आलं गं?' म्हणून मान बाहेर काढू नये. पलंगाशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय लावलंय, ते एप्रिलचं पान उलटायलासुद्धा हलवू नका. मागे भोक आहे. सध्यापुरतं झाकलंय.

येताना भाजणी, कुळथाचं पीठ आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा मसाला आणा. आणि अप्पा, तुमचा पितळी ओळंबा आठवणीने घ्या. इथे लेझरची यंत्रं मिळतात, जावयांनी आणलंही आहे. पण त्याची लाल रेघ आमच्या एकाही भिंतीशी जुळत नाही आणि ते म्हणतात, यंत्रच बिघडलंय. त्यांना पटेल असं काहीतरी हवं. ओळंबा मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. नाहीतर मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्याला तुम्ही ओळंबा आणि भिंत यांविषयी समजावत बसाल, त्यालाही त्याच्या घराचं काहीतरी विचारायचं असेल, आणि विमान निघून जाईल.

तुमची,
ताई