सात दिवसांत दहा किलो!

पेपर उघडला की आधी पत्रक पडतं: ‘सात दिवसांत दहा किलो कमी! व्यायाम नाही, पथ्य नाही.’ (हिशेबही नाही, हे छापायचं राहिलं.) एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे रोज ११,०००ची तूट हवी. आपला अख्ख्या दिवसाचा खर्च जेमतेम दोन-अडीच हजार. कडकडीत उपास केला तरी भागायचं नाही. पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो खरा, पण उतरतं ते बहुतेक पाणी.

शेजारी फोटो. ‘आधी’च्या काकू पोट सोडून, कपाळाला आठ्या, ‘नंतर’च्या काकू श्वास रोखून, लिपस्टिक लावून. मागच्या कॅलेंडरची तारीख मात्र तीच.

लठ्ठपणावरच्या औषधाची अशी जाहिरात १९५४च्या कायद्यानेच बंद आहे. म्हणून हे ‘औषध’ नव्हेच, ‘हर्बल पावडर’! अशा ‘हर्बल’ मालात देशोदेशी सिब्युट्रामीन हे औषध सापडलंय; हृदयाला धोका म्हणून भारताने २०११ साली बंदी घातलेलं. पण झाडपाल्याला घटक कोण विचारतो? डबा साडेतीन हजारांना. तीन घेतले तर काकूंचं मार्गदर्शन फुकट, आणि चार मेंबर आणले की पुढच्या पत्रकावर काकू तुम्हीच.