पथनाट्याचा पट्टा पडतो

समाजकार्याच्या महाविद्यालयात नाव घातलं आणि माझ्या बोलण्यात 'शोषण', 'संरचना', 'उपेक्षित घटक' असे शब्द येऊ लागले. घरात चहाला साखर कमी पडली तरी मला त्यात संरचना दिसायची. आत्या विचारायची, "एमएसडब्ल्यू म्हंजी नेमकं करायचं काय?" मी अर्धा तास समजावून सांगायचो. सगळं ऐकून घेऊन ती म्हणायची, "बरं. पण नोकरी लागंल नव्हं?"

क्षेत्रकार्यासाठी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातलं एक गाव मिळालं. (नाव सांगत नाही, तिथं मला अजून तोंड दाखवायचंय.) १९४८ साली १० डिसेंबरला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, हे वर्गात सगळ्यांत मोठ्यानं मीच सांगितलं होतं. त्यामुळे १० डिसेंबरचा कार्यक्रमही माझ्याच गळ्यात पडला. मी पथनाट्य लिहिलं. विषय अर्थातच ऊसतोड कामगारांचे हक्क.

आता संयुक्त राष्ट्रांनी तारीख ठरवताना बीडला काही विचारलं नव्हतं. दिवाळीच्या आगंमागं इथली लाखो माणसं ट्रक-ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे हक्कदार सगळे फडात आणि आम्ही हलगी घेऊन मारुतीच्या पारावर! हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नाटकाचं पहिलं वाक्यच ते होतं. ते आपल्या कार्यक्रमालाही लागू पडतं, एवढंच डोक्यात शिरलं नव्हतं.

तरी हलगी कडाडली तशी माणसं जमली. सगळी म्हातारी, आणि बहुतेकांच्या हातात आधारकार्डाची झेरॉक्स. निराधारची पगार बंद पडलेल्यांसाठी कॅम्प लागलाय, अशी हवा कुणीतरी उठवली होती. पुढं लेकरं बसली. आईबाप फडावर गेलेली, शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवणारी आणि रात्री आजीजवळ झोपणारी. शाळेतून आणलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर एक मुकादम बसला. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन ऐनवेळी गायब झालेला एक कोयता शोधत तो गावात थांबला होता.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. "माणसाचं अवजार केलंत!" असं ओरडून मी थर्माकोलचा कोयता परजला आणि कडब्याच्या ताटांवर वरून सपासप चालवला. पोरं फिदीफिदी हसायला लागली. चौथीतली एक पोरगी उठली. "सर, वरून न्हाई, बुडातून! न्हाईतर मुकादम शिव्या देतो." तिनं माझ्या हातातून कोयता घेतला, कमरेत वाकली, ताट जमिनीलगत तोडलं, पाचट सोलल्यासारखं केलं, शेंडा उडवला आणि हां हां म्हणता मोळी बांधून माझ्या डोक्यावर दिली. "मागच्या साली मी बी होते ना फडात!" बालमजुरीचा प्रवेश पुढं होता. तो आम्ही गाळला.

मग खोट्या मिशा लावलेल्या माझ्या मित्रानं आरोळी ठोकली, "ही घे धा हजार उचल, कर अंगठा!" खऱ्या मुकादमाला राहवेना. "धा हजारात आता कोयता येतोय व्हय? लाखाच्या खाली कुणी बोलत न्हाई." आणि त्यानं आपलीच कथा लावली. कारखान्याकडून घेतलेले पैसे, दोघा-दोघा मुकादमांची उचल खाऊन पसार झालेली माणसं, गहाण पडलेली जमीन. लोक माझ्यापेक्षा त्याचंच मन लावून ऐकत होते. नाटक हातचं जातंय असं बघून मी जाहीरनाम्याचं चोविसावं कलम काढलं : विश्रांतीचा हक्क, कामाच्या तासांना मर्यादा, पगारी सुट्टी.

"आन् खाड्याचं कलम कितवं?" मुकादमानं अगदी भाबडेपणानं विचारलं. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. मजुरी जाते ती जातेच, वर दंड पडतो.

मी आवाज चढवून आकड्यांवर गेलो. २०१९ च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली होती. कंबर धरल्यामुळे यंदा मागं राहिलेली एक बाई खांबाला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "त्यात मी हाये का रं? का आमच्याकडं कुणी आलंच न्हाई?" मला पुढचा संवाद आठवेना. तो विनोदी होता.

तेवढ्यात एका आजीनं झेरॉक्स पुढं केली. "तुमचं झालं आसंल तर हे धर." महिना १,५०० रुपयांची तिची पगार थांबली होती, कारण हयातीचा दाखला दिलेला नव्हता. यंत्रावर अंगठा उमटत नव्हता. जन्मभर कोयता धरून रेषाच गेल्यात, असं तिचं म्हणणं. "मी जिती हाय, एवढंच तर लिहायचंय. त्याला काय शाळा लागती?"

लागते. माझी पंधरा-सोळा वर्षांची शाळा त्या अर्जाच्या तिसऱ्याच रकान्यात अडकली. फलक उलटा अंथरून आम्ही कलाकार फॉर्म भरत बसलो. गावातल्या प्रत्येकाचं वय, बापाचं नाव, वारस कोण, कुणाची सून कुठली, हे सगळं मुकादमाला तोंडपाठ. तो खुर्चीवरून सांगत होता आणि आम्ही खालमानेनं लिहीत होतो. 'लाभार्थ्यांचा सहभाग' या मथळ्याखाली अहवालात हे कसं बसवावं, या विचारानं मला घाम फुटला होता.

निघताना त्यानं गाडीजवळ गाठलं. "सर, नाटक चांगलंय. माझं काम तेवढं जरा वाढवा अन् पुढच्या साली थेट फडावर घिऊन या. जेवणाखाण्याचं मी बघतो." मी हरखून डायरी काढली, तर म्हणाला, "पण उचल मागू नका."