डावी बाजू चमकते, सर

"सर, लग्न हाय का हितं?"

दारात उभ्या शिपाईमामांचा प्रश्न रास्त होता. मी आणि अकरावी वाणिज्यची आठ-दहा पोरं, लोखंडी पायांची बाकं फरफटत भिंतीला लावत होतो. मधली जागा मोकळी. अक्षता तेवढ्या बाकी होत्या.

झालं होतं असं की, 2025च्या जुलैत केरळातल्या शाळांची बातमी वाचली. 'स्थानार्थी श्रीकुट्टन' हा मल्याळम सिनेमा बघून तिथल्या काही शाळांनी बाकं इंग्रजी यू अक्षरासारखी मांडली. मागचा बाकच उरला नाही, मग 'मागच्या बाकावरचा' कुठून उरणार? तमिळनाडूतही हेच निघालं. तिथे त्याला 'प' म्हणतात, कारण त्यांचा 'प' तीन बाजूंनी बंद आणि वरून उघडा. आपल्या 'प'ला वरून झाकण आणि उजवीकडे खाली शेपूट. तशी बाकं लावली तर शेपटावरची पोरं थेट व्हरांड्यात.

आमची वारूळवाडी नारायणगावला इतकी चिकटून आहे की पाहुण्याला गाव कुठे बदललं ते पाटी वाचूनच कळावं. केरळची हवा इथवर यायला मात्र वेळ लागत नाही. मोबाइल आहे. हवा आली, जागा आली नाही. खोली चाळीस जणांची, पटावर साठ. एका यूमध्ये मावेनात म्हणून आत दुसरा यू घातला. मग आतल्या यूची पाठ बाहेरच्या यूच्या तोंडापुढे आली आणि मागचा बाक वेषांतर करून पुन्हा हजर झाला.

मग पंगत करून पाहिली. समोरासमोर रांगा, मधून मी वाढपी. पंगतीत शेवटचा माणूस नसतो, शेवटी वाढलेला असतो, हा शोध मला तिथे लागला. रोज वेगळ्या टोकाकडून वाढायला लागलो. पोरं खूश होती, फक्त फळा बघायला माना वळवून वळवून चौथ्या दिवशी दोघांची मान धरली. समोर तोंडं असल्याने पुस्तपालनापेक्षा समोरच्या रांगेचा अभ्यास जास्त झाला, तो वेगळा. मामा रोज बाकं सरळ करत आणि रोज विचारत, "आज कुनाचं?"

या उलथापालथीत एक दिवस मी दमून उजव्या कोपऱ्यातल्या अगदी मागच्या बाकावर टेकलो. वीस वर्षांच्या नोकरीत तिथे कधी बसलो नव्हतो. फळ्याकडे पाहिलं तर त्याचा डावा तिसरा हिस्सा नुसता पांढराफटक. डावीकडच्या खिडकीतलं सकाळचं ऊन तेलकट हिरव्या रंगावर असं पडलं होतं की खडूचा मागमूस नाही. उजवी बाजू स्वच्छ. आता पुस्तपालनात डावी बाजू म्हणजे नावे. म्हणजे या कोपऱ्यातल्या पोरांना माझ्या फळ्यावर वर्षानुवर्षं फक्त जमा दिसत होती. असं सुख बँकेतसुद्धा मिळत नाही.

त्या बाकाच्या मालकाला विचारलं.

"हो सर, डावीकडचं चमकतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वाटलं, सगळ्यांनाच तसं दिसत आसंल."

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हाच पोरगा मला वेगळाच भेटलेला. वीस किलोचं क्रेट असतं, वर नीट निवडलेला लाल थर. मुरलेला व्यापारी त्या थराकडे बघतही नाही, हात तळापर्यंत घालतो. पोरगा वडिलांच्या क्रेटपाशी उभा राहून भाव, हमाली, गाडीभाडं असा सगळा हिशोब तोंडी मांडत होता. 2023च्या जुलैत याच बाजारात क्रेटला दोन हजारांवर भाव गेला होता, तेव्हाचे आकडेही त्याला पाठ. आणि वर्गात हा चाचणीला पस्तीसच्या अलीकडे. मी इतकी वर्षं वरचा थर बघून भाव करत होतो म्हणायचं.

खिडकीला जुन्या सतरंजीचा पडदा लावला. खर्च शून्य. यू, पंगत, सगळं बाजूला राहिलं आणि त्या कोपऱ्यातल्या सहा जणांच्या वह्या सुधारल्या. पण हा गडी सुधारेना. रोकडवही बिनचूक, आणि माणसाचं खातं आलं की हटकून उलटं. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्यास जमा, हा नियम झोपेत म्हणेल, पण जमा डावीकडे लिहिणार. सुट्टीनंतर त्याला थांबवून घ्यायला लागलो. तिसऱ्या दिवशी त्याने दप्तरातून आजोबांच्या किराणा दुकानाची लाल चोपडी काढली. उधारीची खाती. प्रत्येक खात्यात जमा डावीकडे, नावे उजवीकडे.

मी बघतच राहिलो. देशी नामा असाच असतो, हे मीही कधीतरी वाचून विसरलो होतो. रोकडीत दोन्ही पद्धतींचं जमतं, आलेला पैसा दोघींतही डावीकडेच. भांडण लागतं ते माणसाच्या खात्यात. लुका पाचोलीने 1494मध्ये व्हेनिसात द्विनोंदी पद्धत छापली आणि ती फिरत फिरत आमच्या फळ्यावर आली. पोरगा चुकत नव्हता, घरचं लिहीत होता. मी मात्र लाल पेनाने त्याच्या आजोबांना गोळा देत होतो.

खरं तर जुन्नर तालुक्याला व्हेनिसाचं काय कौतुक? आमच्याकडे नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखात यज्ञांची दक्षिणा कोरली आहे. गाई हजारांनी, हत्ती, घोडे, कार्षापणं. सगळी खर्चाची बाजू. आणि बाहेर घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण, लोक म्हणतात जकातीचा. म्हणजे जमा बाहेर, नावे आत. दोन हजार वर्षांचं खातं आहे, तेरीज जुळली की नाही कोण जाणे.

हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि त्या दिवशी दोन रकाने फळ्यावर दोनदा आखले, एकावर 'शाळा' आणि दुसऱ्यावर 'दुकान'. मग ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी आणावी म्हटलं. सात आल्या. त्या पाहायला बाकं आपोआप गोल झाली, यू नाही की प नाही. मामा डोकावले, काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पोराला विचारलं, शाळेचं पुस्तक आजोबांना दाखवलंस का?

"दाखवलं सर."

"काय म्हणाले?"

तो जरा चुळबुळला. "म्हणाले, तुझ्या सरांनी वही उलटी धरली आसंल."